सरासरीतला फरक आणि समतेचा अर्थ : वाचकांचे प्रश्न

स्त्री आणि पुरुष यांच्या क्षमतांत फरक असतो का, असला तर किती, आणि मग समता म्हणायची कशाला, या विषयावर आलेल्या पत्रांतले आठ प्रश्न इथे घेतले आहेत. काही पत्रं लांबलचक होती. त्यांतला गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : पुरुष गणितात आणि नकाशात हुशार, बायका भाषेत आणि माणसं ओळखण्यात, असं सतत कानावर येतं. दुसरीकडे काही जण ठामपणे सांगतात की फरक मुळीच नाही, सगळं वाढवण्यातून येतं. संशोधन कुणाच्या बाजूचं आहे?

उत्तर : दोन्ही विधानं इतकी ढोबळ आहेत की त्यांना खरंही म्हणता येत नाही आणि खोटंही. फरक कशात मोजला, किती निघाला आणि कुणाला मोजलं, हे कळल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

मोजण्याची रीत अशी. एकाच चाचणीतल्या पुरुषांच्या सरासरीतून स्त्रियांची सरासरी वजा करायची आणि जे उरेल त्याला प्रमाण विचलनाने भागायचं. प्रमाण विचलन म्हणजे गटातली माणसं आपल्याच सरासरीपासून किती पांगलेली आहेत याचं माप. भागाकार ०.२ च्या आसपास आला तर फरक लहान, ०.५ आला तर मध्यम, ०.८ च्या पुढे गेला तर मोठा, असा संकेत आहे. वस्तू किती वेगाने फेकता येते, यात पुरुष पुढे आहेत आणि तिथे हा आकडा २ च्या घरात जातो. मनातल्या मनात त्रिमितीय आकृती फिरवून ओळखण्यात पुरुष ०.५ ते ०.७ ने पुढे आहेत. ऐकलेल्या शब्दांची यादी आठवून सांगण्यात स्त्रिया ०.२ ते ०.३ ने पुढे आहेत. आणि शालेय गणित? अमेरिकेतल्या दहा राज्यांमधल्या दुसरी ते अकरावीच्या सुमारे ७० लाख मुलांचे निकाल २००८ साली तपासले गेले, तेव्हा फरक शून्याला टेकलेला निघाला. मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेल्या अशा ४६ विश्लेषणांचा आढावा घेतला होता. त्यातले चारांपैकी तीनांहून अधिक फरक शून्याजवळचे किंवा लहान होते.

आता या आकड्यांचा रोजच्या व्यवहारात अर्थ काय, ते पाहा. फरक ०.५ असेल, तर दोन्ही गटांचे आलेख एकमेकांवर ठेवल्यावर ८० टक्के भाग जुळतो. डोळे मिटून एक पुरुष आणि एक स्त्री निवडली, तर शंभरातल्या ६४ वेळा पुरुषाचे गुण जास्त भरतील आणि ३६ वेळा स्त्रीचे. फरक ०.२ असेल तर हेच प्रमाण ५६ आणि ४४ होतं, म्हणजे नाणेफेकीहून थोडंसंच बरं. सरासरीवर विसंबून समोरच्या दोघांपैकी नकाशा कुणाच्या हातात द्यायचा हे ठरवणारा माणूस शंभरातल्या ३६ वेळा चुकतो. पाच मिनिटं दोघांनाही नकाशा वाचायला दिला असता, तर ही चूक टळली असती. सरासरीचा फरक खरा असूनही तो माणसाबद्दल फार थोडं सांगतो, हा या सगळ्या विषयाचा कणा आहे.

मेंदूचंही तसंच. पुरुषांचा मेंदू सरासरीने सुमारे दहा टक्के मोठा असतो, शरीरही मोठं असतं. पण २०१५ मध्ये १४०० हून अधिक मेंदूंच्या एमआरआय प्रतिमा भाग-भाग करून तपासल्या, तेव्हा सगळे भाग एकाच टोकाचे असलेले मेंदू अगदी थोडे सापडले. बहुतेकांत काही भाग पुरुषांमध्ये जास्त आढळणारे, काही स्त्रियांमध्ये जास्त आढळणारे, अशी सरमिसळ होती.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत भूमिती शिकवते. त्रिमितीय आकृत्यांत माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुली मागे पडतात. हे सुधारतं का? सुधारत असेल तर नेमकं काय करू?

उत्तर : सुधारतं. बौद्धिक क्षमतांपैकी जिथे फरक जास्त दिसतो, तीही क्षमता सरावाला चांगली दाद देते. अवकाशीय क्षमतेच्या, म्हणजे आकृत्या मनात उभ्या करण्या-फिरवण्याच्या, प्रशिक्षणावरच्या २१७ अभ्यासांचा २०१३ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. सरावाने होणारी सुधारणा त्याच मापात सुमारे ०.४७ इतकी भरली, म्हणजे ज्या फरकाबद्दल आपण बोलतो आहोत जवळपास तेवढीच. मुलग्यांचीही सुधारणा होते, त्यामुळे दरी पूर्ण बुजतेच असं नाही. पण तुम्हाला हवी आहे ती मुलीला आकृती दिसायला लागणं, आणि ते होतं.

एकमेकांत अडकणारे घन आणा, प्रत्येक मुलाला दहा. जोडीला एक संच देऊ नका. घन नेहमी एकाच्या हातात राहतात आणि दुसरा नुसता बघतो. ज्याला सराव हवा असतो तोच बहुधा बघत बसतो. आठवड्यातून तीन वेळा वीस-वीस मिनिटं, असे आठ आठवडे धरा. एकूण आठ तास होतात.

सुरुवातीला दहा घनांची तीन ठिकाणी काटकोनात वळलेली आकृती बांधायची आणि ती समोरून, वरून आणि उजवीकडून कशी दिसते, ते चौकटींच्या कागदावर काढायचं. मग आकृती मोडायची आणि शेजारच्याने नुसत्या चित्रांवरून ती पुन्हा उभी करायची. हे जमलं की आकृती उभ्या अक्षाभोवती ९० अंशांतून फिरवल्यावर कशी दिसेल ते आधी काढायचं आणि नंतरच हाताने फिरवून ताळा करायचा. हा क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी फिरवून मग काढलं, तर डोळा नक्कल करतो आणि डोकं रिकामं राहतं. त्यानंतर आरशातली प्रतिमा. कितीही फिरवली तरी ती मूळ आकृतीवर बसत नाही, आणि चाचण्यांमधल्या बहुतेक चुका नेमक्या इथेच होतात. डाव्या-उजव्या हाताचे मोजे समोर ठेवून हे सांगितलं तर पटकन कळतं.

घनाच्या उघड्या जाळीचा खेळही घ्या. सहा चौरस कडेला कड जोडून ३५ वेगवेगळ्या आकृत्या होतात आणि त्यातल्या फक्त ११ दुमडून घन होतो. कोणत्या ११, ते आधी वहीत लिहायचं, मग कात्री हातात घ्यायची.

काय बिघडतं तेही सांगतो. पहिलं, घड्याळ. आकृती मनात फिरवण्याच्या प्रचलित चाचणीत २४ प्रश्न असतात आणि दर १२ प्रश्नांना तीन मिनिटं. वेळेचं बंधन काढलं की स्त्री-पुरुष फरक बराच कमी होतो, पण शून्य होत नाही. पहिले चार आठवडे वेळ लावूच नका. दुसरं, 'हे मुलींना जरा जड जातं' अशी प्रस्तावना. अशा वाक्याने गुण घसरतात असं पूर्वीच्या प्रयोगांत दिसलं होतं. नंतरच्या मोठ्या प्रयोगांत तो परिणाम टिकला नाही, म्हणून त्याचा फार बाऊ करायला नको. पण त्या वाक्याने एखादी मुलगी घन खाली ठेवते, एवढं नुकसान पुरेसं आहे. तिसरं, सरावाआधी मोजायला विसरणं. बारा प्रश्नांची बिनवेळेची चाचणी आधी आणि नंतर घ्या, नाहीतर काय साधलं ते कळणार नाही.

हे पुढे उपयोगी पडतं का, ही शंका रास्त आहे. अमेरिकेतल्या मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत शेरिल सॉर्बी यांनी १९९३ पासून अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातल्या, अवकाशीय क्षमतेच्या चाचणीत कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी असा अभ्यासक्रम चालवला. तो केलेल्या विद्यार्थिनी अभियांत्रिकीत टिकण्याचं प्रमाण वाढलं.

प्रश्न : बायका पुरुषांपेक्षा जास्त बोलतात आणि एकाच वेळी अनेक कामं करू शकतात, हे तरी खरं ना?

उत्तर : ३९६ विद्यार्थ्यांच्या अंगावर दिवसभर ध्वनिमुद्रक लावून मोजणी झाली होती. २००७ मध्ये निकाल आला : दोन्ही गट दिवसाला सुमारे १६ हजार शब्द बोलत होते. एकाच वेळी दोन कामं दिली तर दोघांचीही गती पडते आणि चुका वाढतात. प्रयोगशाळेत स्त्रियांना यात खास फायदा दिसलेला नाही. एका हाताने स्वयंपाक आणि दुसऱ्या हाताने मुलाचा अभ्यास, हे दृश्य दिसतं ते कामाच्या वाटणीमुळे. त्याला उपजत देणगी म्हटलं की वाटणी बदलायची गरज उरत नाही, म्हणून ही समजूत निरुपद्रवी नाही.

प्रश्न : सरासरी सारखी असली तरी पुरुषांमध्ये पसारा जास्त असतो, म्हणजे अतिहुशार आणि अतिमंद दोन्ही पुरुषच जास्त, असं वाचलं. मग सर्वोच्च गणितज्ञ पुरुष असणं स्वाभाविक नाही का?

उत्तर : तुम्ही वाचलेल्यात तथ्य आहे, निष्कर्षात नाही. गणिताच्या चाचण्यांत मुलग्यांचा पसारा बऱ्याच ठिकाणी थोडा जास्त आढळतो. प्रमाण विचलन सात टक्क्यांनी जास्त धरून हिशेब करू. सरासरीहून दोन विचलनं वर असलेल्यांत दर दहा हजारांमागे सुमारे २३० मुली आणि ३१० मुलगे येतात. तीन विचलनं वर गेलं तर सुमारे १४ मुली आणि २५ मुलगे. म्हणजे हजारात एखाद्याला गाठता येते अशा उंचीवरही हिशेब दुपटीच्या आत राहतो. गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान म्हणजे फील्ड्स पदक. ते १९३६ ते २०२२ या काळात ६४ जणांना मिळालं आणि त्यात स्त्रिया दोन : २०१४ मध्ये मरियम मिर्झाखानी आणि २०२२ मध्ये मरीना व्याझोव्स्का. दुपटीच्या आतला फरक एकतीसपटीचं स्पष्टीकरण कसं देणार?

आणखी एक पुरावा मला निर्णायक वाटतो. अमेरिकेत तेरा वर्षांच्या आतल्या मुलांमधून गणिती गुणवत्ता शोधायची एक जुनी चाळणी आहे. कॉलेजप्रवेशाच्या गणिताच्या परीक्षेत ८०० पैकी ७०० हून जास्त गुण मिळवणारी मुलं त्यातून वेगळी काढतात. १९८० च्या सुमारास तिथे एका मुलीमागे १३ मुलगे असत. पुढच्या पंचवीसेक वर्षांत हे प्रमाण एकास चारच्या आसपास आलं. एवढ्या काळात माणसाची जनुकं बदलत नाहीत. शिकवण्या, स्पर्धा, घरातल्या अपेक्षा बदलतात. उरलेल्या एकास चारमधलं किती निसर्गाचं आणि किती सवयीचं, हे आज कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

प्रश्न : एकीकडे फरक मान्य करायचा आणि दुसरीकडे समान म्हणायचं, ही ओढाताण नाही का? वेगळे आहेत तर समान कसे?

उत्तर : घोळ शब्दातच आहे. मराठीत 'समान' हा शब्द दोन कामं करतो. 'समान आकाराचे तुकडे' म्हणताना तो सारखेपणा सांगतो आणि 'समान हक्क' म्हणताना मोल सांगतो. सारखेपणाच्या उलट भिन्नता. समतेच्या उलट विषमता. जुळी भावंडं दिसायला सारखी असून त्यांच्यात विषमता असू शकते, आणि वडील व मुलगी कशातच सारखे नसताना कायद्यापुढे समान असतात.

म्हणून 'फरक नाही, म्हणून समान' हा युक्तिवाद मला धोक्याचा वाटतो, तो मांडणाऱ्यांचा हेतू कितीही चांगला असो. त्याने हक्क संशोधनाच्या निकालाला बांधले जातात. उद्या एखाद्या क्षमतेत मोठा फरक पक्का सिद्ध झाला, तर मतदानाचा हक्क काढून घ्यायचा का? मत, वारसा, न्याय, शिक्षण, देहावरचा अधिकार या गोष्टी कुणाच्या चाचणीतल्या गुणांवर दिलेल्याच नाहीत. तिथे वागणूक तंतोतंत सारखी हवी आणि तिला पुराव्याची गरज नाही. आणि 'स्त्रियांना ते जमत नाही, म्हणून बंदी' असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारावं : जे जमणारच नाही त्याला बंदी कशाला लागते?

दुसऱ्या काही ठिकाणी मात्र सारखी वागणूकच विषम ठरते, आणि ती ओळखायला सराव लागतो. पियानो घ्या. त्याची पांढरी पट्टी सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंद असते आणि एक सप्तक सुमारे साडेसोळा सेंटिमीटरचं. हात पूर्ण ताणला, तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचं अंतर पुरुषांत सरासरी साडेबावीस सेंटिमीटरच्या आसपास भरतं, स्त्रियांत वीसच्या आसपास. अडीच सेंटिमीटर म्हणजे एक पूर्ण पट्टी. त्यामुळे सप्तकात मधले स्वर धरून वाजवताना एक हात सैल राहतो आणि दुसरा ताणाच्या टोकाला असतो, तासन्‌तास. स्पर्धेत सगळ्यांना एकच वाद्य दिलं म्हणजे न्याय झाला असं दिसतं, पण ते वाद्य आधीच एका हाताच्या मापाने कापलेलं आहे. आज १५.२ आणि १४ सेंटिमीटर सप्तकाचे पियानो बनवले जातात. लहान हाताच्या पुरुषांनाही ते सोयीचे पडतात, आणि स्त्री-पुरुष ही पाटी काढून हाताचं माप घेण्याचा हा फायदा आहे.

गाड्यांच्या धडक-चाचण्यांत तेच झालं. गेली कित्येक दशकं मुख्य पुतळा १७५ सेंटिमीटर उंचीच्या, सुमारे ७८ किलो वजनाच्या पुरुषाचा होता. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात, पट्टा लावलेल्या स्त्रीला समोरासमोरच्या धडकेत गंभीर इजा होण्याची शक्यता तशाच पुरुषापेक्षा ७३ टक्के जास्त आढळली. औषधांचंही असंच आहे. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीची स्त्रियांसाठीची मात्रा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणली, कारण सकाळी गाडी चालवायच्या वेळीही स्त्रियांच्या रक्तात औषध जास्त उरत होतं. दोघांनाही १० देणं हा सारखेपणा झाला. दोघांनाही सकाळी शुद्धीवर ठेवणं, ही समता.

संयुक्त राष्ट्रांच्या १९७९ च्या स्त्रीविषयक भेदभाव-निर्मूलन करारात हे कलम ४ मध्ये नोंदवलेलं आहे : मातृत्वाच्या संरक्षणासाठीचे विशेष उपाय भेदभाव मानायचे नाहीत, आणि मागे पडलेल्यांना गतीने पुढे आणण्यासाठीचे उपाय तात्पुरते असावेत, उद्देश साधला की थांबवावेत.

प्रश्न : अग्निशमनासारख्या दलांत स्त्रियांसाठी शारीरिक चाचणी सोपी करावी का? आमच्या ओळखीत यावरून जोरात वाद झाला. सोपी केली तर जीव धोक्यात, न केली तर मुली आत येत नाहीत.

उत्तर : सोपी करू नये. बरोबर करावी. वाद बहुधा दोन वेगळ्या चाचण्या एकत्र केल्याने होतो. एक तंदुरुस्तीची चाचणी : माणूस आपल्या वयाच्या आणि देहाच्या मानाने धडधाकट आहे का, हे ती पाहते; तिचे निकष वय आणि लिंग पाहून वेगळे असणं योग्यच. दुसरी कामाची चाचणी : शिडी उचलता येते का, बेशुद्ध माणूस ओढता येतो का. इथे पास होण्याची रेषा सगळ्यांना एकच हवी, कारण आगीला कोण आलंय याच्याशी देणंघेणं नसतं.

ही रेषा कुठे आखायची, यात खरी मेहनत आहे. आधी कामांची यादी करायची आणि प्रत्येक कामाचं वजन, उंची, अंतर, वेळ प्रत्यक्ष मोजायची. आग विझवायचा पाइप पाण्याने भरलेला असताना तोला, कोरडा तोलून उपयोग नाही. ओढण्याच्या कामात ताणकाट्याने लागणारं बळ मोजा. क्वचित पडणारी पण जिवावरची कामं यादीतून गाळू नका. मग तीच कामं, त्याच क्रमाने, पूर्ण पोशाखात करायला लावणारी चाचणी बांधा. ती आधी सध्याच्या चांगल्या कर्मचाऱ्यांना द्या. ज्यांचं काम वर्षानुवर्षं चोख आहे असेच लोक नापास होऊ लागले, तर चाचणी चुकली आहे असं समजा.

उत्तर अमेरिकेत वापरली जाणारी सीपॅट ही चाचणी या पद्धतीची आहे : सुमारे पावणेतेवीस किलोचं जाकीट घालून सलग आठ कामं, एकूण १० मिनिटं २० सेकंदांत, त्यात ७५ किलोचा पुतळा ओढणंही आलं. सगळ्यांना एकच वेळ. आणि चाचणीआधी उमेदवारांना तीच साधनं हाताळून सराव करायची सोय. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण पुतळा ओढताना दंडाने ओढायचा की पाय रोवून अंगाचं वजन मागे टाकायचं, हे पहिल्यांदाच करणाऱ्याला कळत नाही.

चुकतं ते कामाऐवजी त्याचं प्रतीक मोजल्याने. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९९९ मध्ये असंच प्रकरण आलं. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वणवे विझवणाऱ्या दलात एक स्त्री तीन वर्षं नीट काम करत होती. मग नवीन अट आली : अडीच किलोमीटर ११ मिनिटांत धावणे. तिला ४९.४ सेकंद जास्त लागले आणि नोकरी गेली. त्या धावण्यामागची प्राणवायू-क्षमता हे काम सुरक्षितपणे करायला खरंच लागते, हे सरकारला सिद्ध करता आलं नाही, आणि न्यायालयाने तिला परत घ्यायला लावलं. अट चांगल्या हेतूने आणली होती. तिचा कामाशी सांधा कुणी तपासला नव्हता.

दंडाच्या ताकदीत फरक मोठा आहे, हे लपवू नये. काटेकोर, एकच रेषा असलेल्या चाचणीतून पुरुष जास्त पास होतील. जी स्त्री पास होते तिला पुढे कुणी कमी समजण्याचं कारण मात्र उरत नाही. तिला हातमोजे आणि बूट तिच्या मापाचे द्या. सैल मोज्यात पकड कमी होते, आणि मग दोष तिच्या ताकदीला दिला जातो.

प्रश्न : मग खेळात स्त्री-पुरुषांचे गट वेगळे का? हीसुद्धा विषमताच नाही का?

उत्तर : शंभर मीटरचा विश्वविक्रम पुरुषांत ९.५८ सेकंद (उसेन बोल्ट, २००९) आणि स्त्रियांत १०.४९ (फ्लॉरेन्स ग्रिफिथ जॉयनर, १९८८). साडेनऊ टक्क्यांचं हे अंतर मुख्यतः वयात आल्यानंतर टेस्टोस्टेरॉनमुळे वाढणाऱ्या स्नायूंचं, हाडांचं आणि हिमोग्लोबिनचं आहे. गट एकच ठेवला तर अंतिम फेरीत स्त्री दिसणार नाही. वजनगट ज्या कारणाने ठेवतात त्याच कारणाने हा गट आहे.

जिथे हे कारण लागू नाही तिथे वेगळा गट तपासून पाहायला हवा. ऑलिंपिकच्या घोडेस्वारीत दोघं एकत्रच उतरतात. स्कीट, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्यांवरची नेमबाजी, १९९२ मध्ये एकत्र होती, तेव्हा चीनच्या झांग शान यांनी सुवर्ण जिंकलं. पुढच्या ऑलिंपिकमध्ये ती स्पर्धा फक्त पुरुषांसाठी होती आणि २००० पर्यंत स्त्रियांना स्कीटच नव्हती. बुद्धिबळात युडिट पोल्गार यांनी खुल्या स्पर्धा खेळून जागतिक क्रमवारीत आठवं स्थान गाठलं होतं.

प्रश्न : क्षमता सारखी, तर पगार कमी का? आणि मुलाखती घेताना आम्ही, म्हणजे मनुष्यबळ विभागाने, नेमकं काय बदलावं?

उत्तर : पगाराचं आधी, थोडक्यात. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवलं की श्रीमंत देशांत आजची दरी मुख्यतः एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांमधली आहे आणि ती पहिल्या मुलानंतर रुंदावते. डेन्मार्कच्या नोंदींत आईची कमाई पहिल्या मुलानंतर सुमारे २० टक्क्यांनी मागे पडते आणि वर्षानुवर्षं मागेच राहते. वडिलांची हलत नाही. ज्या नोकरीत केव्हाही हाक मारली की हजर राहणाऱ्याला भरमसाट जास्त पैसे मिळतात, तिथे दरी जास्त. अमेरिकेत फार्मासिस्टांमध्ये ती बरीच कमी झाली, कारण नोंदी संगणकावर आल्या आणि एकाच्या जागी दुसरा सहज उभा राहू लागला. म्हणून तुमच्याकडे एकट्या माणसावर अडून बसलेली कामं कोणती, ती आधी शोधा.

आता मुलाखती. २०१२ मधल्या एका प्रयोगात विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळा-व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज पाठवला. निम्म्यांना पुरुषाच्या नावाने, निम्म्यांना स्त्रीच्या. पुरुषाचं नाव असलेल्याला जास्त लायक ठरवलं गेलं आणि वर्षाला सरासरी ३०,२३८ डॉलर देऊ केले, स्त्रीला २६,५०८. स्त्री-प्राध्यापकांनीही तेच केलं. भल्या माणसांच्या हातून हे होतं, म्हणून नुसत्या सद्‌भावनेवर सोडू नका.

जाहिरात काढण्याआधीच चार-पाच निकष आणि त्यांचं वजन लिहून ठेवा. नंतर ठरवले तर आवडलेल्या उमेदवाराकडे जे आहे तेच महत्त्वाचं वाटू लागतं. नाव झाकायचं तर छंद, संस्था, सुट्टीचा काळ यांवरूनही अंदाज बांधता येतो, तेही झाका. कामाचाच एक तुकडा तासाभरात करायला द्या. प्रश्न सगळ्यांना तेच आणि त्याच क्रमाने. प्रत्येक उत्तर संपताच गुण लिहा, शेवटी एकदम लिहिले तर पहिल्या दोन मिनिटांची छाप सगळीकडे उतरते. 'आमच्यात मिसळेल का' हा निकष काढून टाका, किंवा त्याचा अर्थ लिहून दाखवता आला तरच ठेवा. लग्न आणि मुलं यांबद्दल कुणालाच विचारू नका. पुरुषांनाही विचारतो म्हणून ते बरोबर ठरत नाही, कारण उत्तराचं वजन दोघांसाठी वेगळं पडतं. आणि मंडळातल्या प्रत्येकाने आपला कागद भरून पालथा ठेवेपर्यंत उमेदवाराबद्दल चर्चा सुरू होऊ देऊ नका. सर्वांत ज्येष्ठ सदस्याने सगळ्यांत शेवटी बोलावं.